कृष्णराज रूपक

कृष्णराज रूपक हे आरंभिक कलचुरी वंशातील राजा कृष्णराज (राज्यकाळ अंदाजे इ.स. ५५० ते ५७५) याने पाडलेले चांदीचे लहान नाणे होय. अमरावती जिल्ह्यातील धामोरी येथे ही नाणी सापडली असून, वाकाटकोत्तर विदर्भाच्या इतिहासासाठी ती महत्त्वाची मानली जातात.

स्वरूप

नाणे वाटोळे असून त्याचे वजन सुमारे दोन ग्रॅम असते. दर्शनी बाजूस राजाचा अर्धपुतळा, तर मागील बाजूस बसलेला नंदी आणि त्याभोवती 'परममाहेश्वर-मातापितृपादानुध्यात-श्रीकृष्णराज' असा ब्राह्मी लेख आहे. चांदीची चकती दोन ठशांमध्ये ठेवून घणाचा घाव घातला जाई. चकती ठशापेक्षा लहान असल्यास अक्षरे कडेबाहेर जात. त्यामुळे अनेक नाणी जुळवूनच पूर्ण लेख वाचता येतो. पश्चिम क्षत्रप, गुप्त व त्रैकूटक यांच्या रौप्यनाण्यांची परंपरा या नाण्यांत पुढे चालू राहिली.

कर्तृत्व

पूर्वी काही अभ्यासकांनी ही नाणी आठव्या शतकातील राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याची मानली होती. मात्र अक्षरवटिका सहाव्या शतकातील आहे. शिवाय कृष्णराजाचा पुत्र शंकरगण याच्या अभोणा ताम्रपटात (कलचुरी संवत् ३४७, इ.स. ५९७) कृष्णराज जन्मापासून पशुपतीचा भक्त असल्याचे म्हटले आहे. 'परममाहेश्वर' हे बिरुद आणि नंदी यांच्याशी हे वर्णन जुळते.

प्रसार व महत्त्व

राजस्थान, माळवा, नाशिक, मुंबई व साष्टी येथेही ही नाणी मिळाली आहेत. अंजनेरी येथील भोगशक्तीच्या ताम्रपटात (कलचुरी संवत् ४६१, इ.स. ७१०च्या सुमारास) 'कृष्णराज-रूपक' असा उल्लेख येतो. म्हणजे राजाच्या पश्चात सव्वाशेहून अधिक वर्षांनी, चालुक्यांच्या मांडलिकाच्या प्रदेशातही हे नाणे व्यवहारात होते.

त्यामुळे एखाद्या ठिकाणी ही नाणी सापडली, एवढ्यावरून तेथे कृष्णराजाची सत्ता होती असे ठरत नाही. विदर्भाच्या बाबतीत वा. वि. मिराशी यांनी नाण्यांना स्वामिराजाच्या काळातील नगरधन ताम्रपटाची जोड दिली. त्यातील ३२२ हे वर्ष कलचुरी संवताचे (इ.स. ५७३) धरून त्यांनी स्वामिराज हा कृष्णराजाचा मांडलिक असल्याचे मत मांडले.