गाविलगड कुणाचा?

चिखलदऱ्याला जाणारे बहुतेक लोक भीमकुंड बघतात, देवी पॉइंटला जातात, भुट्टा खातात आणि परततात. गावापासून जवळच असलेल्या गाविलगडाच्या बाहेरच फोटो काढून फिरणारेही पुष्कळ. सहलीतल्या मुलांचा प्रश्न मात्र ठरलेला असतो : "सर, हा किल्ला आपला की त्यांचा?"

या प्रश्नाचं उत्तर मी देत नाही. त्यांना दिल्ली दरवाजापाशी नेतो.

नाव गवळ्यांचं. दगडी किल्ला अहमदशाह वली बहमनीने १४२५च्या सुमारास बांधला, असं इतिहासकार फरिश्ता लिहितो. पुढे तो फतहुल्लाह इमाद-उल-मुल्कने दुरुस्त केला. हा माणूस विजयनगरच्या मुलखातल्या कानडी ब्राह्मणाचा मुलगा. लहानपणी लढाईत पकडला गेला, मुसलमान म्हणून वाढला, वऱ्हाडचा सुभेदार झाला आणि १४९० मध्ये एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला, त्याने इमादशाही उभी केली. दिल्ली दरवाजावर दोन तोंडांचा गंडभेरुंड कोरलेला आहे, चोचींत आणि पंजांत हत्ती धरलेला. गंडभेरुंड विजयनगरचं चिन्ह. धर्म बदलला, दरबार बदलला, तरी वडिलांच्या मुलखाची खूण सुलतानाच्या दरवाजावर आली, असं अभ्यासक मानतात. मलाही ते पटतं. याच फतहुल्लाहने अकोला जिल्ह्यात नरनाळ्याचा महाकाली दरवाजा बांधला. त्यावर कुराणाच्या आयती आहेत आणि कमळंही.

इमादशाही १५७४ मध्ये निजामशाहीने गिळली. नंतर मोगल आले, मग नागपूरकर भोसले.

२९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावला भोसल्यांचा पराभव झाला आणि आर्थर वेलस्ली गाविलगडाकडे वळला. हा वेलस्ली म्हणजे पुढे वॉटर्लूत नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन. जन्म आयर्लंडमधल्या डब्लिनचा. तिकडच्या ट्रिम गावातून तो आयरिश संसदेत निवडून गेला होता. त्या गावातही मोठा मध्ययुगीन किल्ला आहे, आणि लोक तो आवडीने बघायला जातात. त्याचा सहकारी स्टीव्हन्सन याने जंगलातून वाट काढत तोफा ओढून उत्तरेकडच्या लबाड्याला नेल्या. १५ डिसेंबरला भिंत फुटली. आतल्या किल्ल्याचा तट कॅप्टन कॅम्पबेलच्या शिपायांनी शिडी लावून चढला. किल्लेदार बेनीसिंग राजपूत लढता लढता मारला गेला. म्हणजे बहमनी सुलतानाच्या किल्ल्यात, मराठा भोसल्यांसाठी, एक राजपूत लढला. दोन दिवसांनी देवगावचा तह झाला.

१८५८ मध्ये तात्या टोपे इथे येईल या भीतीने इंग्रजांनी तटबंदी पाडली. म्हणून आज पडझड जास्त दिसते.

तरी मोठी मशीद आहे, तिच्या दगडी जाळ्या आहेत, तलाव आहेत. भिंतींवर कोळशाने लिहिलेली प्रेमिकांची नावंही आहेत. हा मेळघाटचा परिसर, त्यामुळे अंधार पडायच्या आत बाहेर पडायचं. पाणी सोबत ठेवा, बूट चांगले घाला. पावसाळ्यात धुकं इतकं असतं की दरवाजाही दिसत नाही. हिवाळ्यात सकाळी जा. गंडभेरुंड उंचावर आहे, दुर्बीण असली तर बरं.