चालणाऱ्यांनी राखलेलं रान

गोष्ट डिसेंबर १९७३ची. तेलटंचाईमुळे नॉर्वेत शनिवार-रविवारी खासगी मोटारी बंद होत्या. राजधानी ऑस्लोमध्ये सत्तर वर्षांचे एक गृहस्थ स्की घेऊन चारचौघांसारखे लोकलमध्ये चढले आणि डोंगराकडे निघाले. ते होते नॉर्वेचे राजे, पाचवे ओलाव्ह!

ते निघाले होते त्या रानाचं नाव ‘मार्का’. आपल्याकडचा मालावरचा मार्का नव्हे. ऑस्लोभोवतीचं सुमारे १,७०० चौरस किलोमीटरचं जंगल. हिवाळ्यात बर्फावर स्की, एरवी पायी भटकंती नाहीतर सायकल. सगळे बिनइंजिनाचे, बिनगोंगाटाचे खेळ. १८८३मध्ये स्थापन झालेली स्की संघटना इथल्या वाटा आजही राखते.

पण हे रान आपोआप टिकलं नाही. १९४५मध्ये जर्मनांचा ताबा सुटला. देश उभा करायचा होता, वीज हवी होती. जंगलातून उच्चदाबाची वीजवाहिनी नेण्याची योजना पुढे आली. गरज खोटी नव्हती. तरीही १९ मे १९४६ रोजी सुमारे ३०,००० माणसं या योजनेविरुद्ध मोर्चाने निघाली. रविवारी ज्या रानात मुलाबाळांसह फिरायचं, त्यातूनच विजेच्या तारा जाणार होत्या. अखेर योजना बारगळली.

गंमत अशी, की या जंगलाचा मोठा भाग खासगी मालकीचा आहे. तिथली लाकूडतोडही चालू असते. पण मोकळ्या रानात कुणीही चालावं, फक्त नासधूस करू नये, ही तिथली जुनी रीत. १९५७च्या कायद्याने तिला हक्काचं रूप दिलं. मालकी एकाची, वाट सर्वांची!

पुढे शहर वाढलं, घरांसाठी जागेची ओढाताण सुरू झाली. तेव्हा २००९मध्ये खास या रानासाठी कायदा आला. जंगलाची हद्द ठरली. तिच्या आत बांधकामाला आणि मोटारवाहनांना, काही अपवाद सोडून, बंदी झाली.

जंगल वाचवायचं तर माणसाला बाहेर ठेवा, असं आपण सहज म्हणतो. वाघ-बिबट्यांच्या रानात ते खरंही असेल. ऑस्लोने मात्र माणसांना आत येऊ दिलं, फक्त इंजिन बाहेर ठेवलं. म्हणूनच रानावर वेळ आली तेव्हा त्याच्या बाजूने उभं राहायला माणसं होती. कायदा २००९चा खरा. पण त्याची पायवाट १९४६मध्येच पडली होती.