गव्हर्नर काढलेलं इंजिन

अमेरिकेत जुनी मिनी बाइक विकायला निघाली की विकणारा एक गोष्ट कौतुकाने सांगतो: गव्हर्नर काढलेला आहे. आपल्याकडे गव्हर्नर म्हटलं की राजभवनाखालोखाल एसटी आठवते. मोकळ्या रस्त्यावरही रेंगाळणाऱ्या गाडीत कुणीतरी जाणकार शेजाऱ्याला समजावत असतोच, की ड्रायव्हरचा दोष नाही, गाडीला गव्हर्नर लावलाय. तिकडे मात्र चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा पाना हातात घेतो तो हाच गव्हर्नर उखडायला. या गव्हर्नरची कुळी शोधत मागे गेलं तर आपण थेट पिठाच्या गिरणीत पोहोचतो.

आधी ही बाइक कशी असते ते सांगतो. वाकवून वेल्ड केलेल्या पाइपची चौकट, ढकलगाडीला शोभतील अशी चाकं, गिअर नाही, किक नाही. दोरी ओढून चालू करायचं एक सिलिंडरचं इंजिन, त्याच्या शाफ्टवर क्लच आणि तिथून मागच्या चाकाला चेन. रस्त्यावर चालवायची परवानगी बहुधा नसतेच. शेत, मागचं अंगण, माळरान एवढाच तिचा मुलूख. यातलं इंजिन मुळात गाडीचं नाही. ते पंपाचं, जनरेटरचं, जमीन भुसभुशीत करणाऱ्या टिलरचं आहे. पुढचा सगळा उपद्व्याप त्यातूनच निघतो.

पंपाच्या किंवा जनरेटरच्या इंजिनाने पळायचं नसतं, एका लयीत फिरायचं असतं. भार वाढला तरी फेरे तेवढेच, उतरला तरी तेवढेच. ही अडचण सर्वांत आधी पवनचक्क्यांवरच्या गिरणीवाल्यांना छळत होती. वारा वाढला की जातं भरधाव फिरायचं, दोन दगडांमधलं अंतर बिघडायचं आणि पीठ जाडंभरडं पडायचं. म्हणून त्यांनी फिरत्या दांड्याला दोन लोखंडी गोळे लटकवले. वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जात आणि तरफेने दगडांमधलं अंतर सारखं करत. हाच गव्हर्नर. 1788 साली लंडनच्या अल्बियन मिलमध्ये ही युक्ती मॅथ्यू बोल्टनच्या नजरेस पडली. त्याने ती आपला भागीदार जेम्स वॉटला कळवली आणि वॉटने ती वाफेच्या इंजिनावर बसवली. कल्पना आपली नाही हे ठाऊक असल्याने वॉटने तिचं पेटंट घेतलं नाही. पुढे 1868 मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेलने या गोळ्यांवर गणिती निबंध लिहिला आणि आजच्या नियंत्रणशास्त्राचा पाया घातला.

आपल्या खेड्यांनी हा गव्हर्नर कानांनी ओळखलेला आहे. वीज येण्याआधी गावच्या गिरणीत डिझेल इंजिन असे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स 1946 मध्ये पुण्यात उभी राहिली आणि विहिरींपासून गिरण्यांपर्यंत तिची इंजिनं पोचली. गिरणीवाल्याने डबा चाडीत उपडा केला की आवाज क्षणभर दबायचा, मग भरदार व्हायचा आणि पट्टा पुन्हा पहिल्या चालीने फिरू लागायचा. त्या क्षणभरात गोळ्यांनी डिझेल वाढवलेलं असे. गिरणीवाला इंजिनाकडे बघतसुद्धा नसे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत शहरांबाहेर घरं उठली, प्रत्येकापुढे हिरवळ आली आणि गवत कापायच्या यंत्रांना सुगीचे दिवस आले. मिलवॉकीच्या ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनने 1953 मध्ये अ‍ॅल्युमिनियमचं हलकं इंजिन काढलं. अशा इंजिनांची कमाल चाल मिनिटाला 3600 फेऱ्यांच्या आसपास बांधलेली असते. तिकडची वीज 60 हर्ट्झची, आणि दोन ध्रुवांचा जनरेटर तेवढी वीज बरोबर 3600 फेऱ्यांवर देतो. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून लग्नाच्या मांडवामागे धडधडणारा तसाच छोटा जनरेटर 3000 वर फिरतो.

छोट्या मोटरसायकलची एक शाखा इंग्लंडातलीही आहे. युद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी वेलबाइक बनली: 98 सीसीचं व्हिलियर्स इंजिन, वजन बत्तीस किलोच्या आसपास, घडी घालून नळकांड्यातून विमानातून टाकायची. तिचंच नागरी रूप कॉर्गी 1954 पर्यंत विकलं गेलं. पण अंगणातल्या मिनी बाइकचा खरा बाप गवत कापायचं इंजिनच. 1956 मध्ये कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्सने अशाच यंत्राचं वेस्ट बेंड इंजिन पाइपच्या चौकटीत बसवून पहिली गो-कार्ट केली. चार चाकांवर जमलं ते दोन चाकांवर यायला वेळ लागला नाही. ओहायोतल्या मॅन्सफिल्डच्या मिकी रपने कार्टपाठोपाठ मिनी बाइक कारखान्यातून काढल्या. हा गृहस्थ स्वतः 1965 च्या इंडियानापोलिस 500 शर्यतीत सहावा आला होता, म्हणजे वेगाचं वेड मालकापासूनच होतं. त्याच्या बाइकवर असणारी टेकुम्से इंजिनं 2008 च्या अखेरीस बनायची थांबली.

त्यांची गादी होंडाकडे गेली. 1983 मध्ये आलेल्या जीएक्स मालिकेने छोट्या इंजिनांचा साचाच ठरवून दिला: तिरकं सिलिंडर, व्हॉल्व्ह डोक्यावर, तेल बेताचं. त्यातल्या 196 सीसीच्या जीएक्स 200 च्या वळणावर चीनमध्ये अगणित नकला झाल्या. अमेरिकेत हार्बर फ्रेटच्या दुकानांत मिळणारं 212 सीसीचं प्रेडेटर त्यातलंच. त्याच घराण्याची इंजिनं आज महाराष्ट्रात पॉवर वीडरवर बसून उसाच्या सऱ्यांतलं तण काढतात. जुनी मिनी बाइक सुधारायची म्हणजे बहुधा याच जातीच्या इंजिनाला हात घालायचा.

फिल्टर, सायलेन्सर आणि कार्ब्युरेटरचा मोठा जेट हे किरकोळ काम. इंजिनाला श्वास मोकळा मिळतो आणि हवा वाढली तेवढं पेट्रोलही वाढतं. जेट न बदलता नुसता फिल्टर उघडा केला तर मिश्रण पातळ होतं आणि इंजिन तापतं. मोठं काम त्यापुढचं. तेल काढायचं, बाजूचं कव्हर सोडायचं. आत क्रँकच्या दातांवर फिरणारा प्लॅस्टिकचा एक छोटा गिअर दिसतो आणि त्यावर बिजागरीने लटकलेली दोन वजनं. बोल्टनने पाहिलेले गोळे हेच, फक्त चिमटीत मावतील एवढे. तो गिअर काढायचा, त्याच्या तरफेचं भोक बुजवायचं आणि थ्रॉटलची केबल सरळ कार्ब्युरेटरला जोडायची.

आता इंजिन पळतं, पण बाकीचे भाग 3600 च्या हिशेबाने केलेले असतात. साडेपाच हजारांच्या आसपास व्हॉल्व्हच्या मवाळ स्प्रिंगा मागे पडतात, व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नाहीत आणि इंजिन आपणच अडखळतं. हीच शेवटची आडकाठी असते. हौशी माणूस ताठ स्प्रिंगा घालून तीही काढतो. मग अ‍ॅल्युमिनियमच्या कनेक्टिंग रॉडवर ताण येतो. या इंजिनात तेलाचा पंप नसतो, रॉडचा खालचा चमचा तेल उडवतो तेवढंच वंगण. रॉड तुटला तर केसिंगला भोक पाडून बाहेर येतो. त्याहून वाईट बिडाचं फ्लायव्हील. ते फुटलं तर तुकडे बसणाऱ्याच्या मांडीशीच उडतात. म्हणून जाणते लोक स्प्रिंगांच्या आधी अखंड धातूतून कातलेला रॉड आणि फ्लायव्हील घेतात. माझ्या मते तेवढे पैसे नसतील तर गव्हर्नरला हातच लावू नये.

थोडा हिशेब करू. 14 इंच व्यासाचं चाक, पुढच्या-मागच्या स्प्रॉकेटचं प्रमाण एकास सहा. 3600 फेऱ्यांवर वेग ताशी 40 किलोमीटर भरतो, 5500 वर 61. वेग दीडपट, पण थांबवायची ऊर्जा सव्वादोनपटीहून जास्त. ब्रेक मात्र तोच, बऱ्याच जुन्या बाइकवर फक्त मागच्या चाकाला. वेगच हवा असेल तर इंजिनाला न छेडता मागचं स्प्रॉकेट लहान करता येतं. चढावर दम कमी पडतो, पण काही फुटत नाही. हा स्वस्त उपाय पोरांना आवडत नाही, कारण त्यात आवाज बदलत नाही.

गंमत अशी की गव्हर्नर काढला तरी गोळे जात नाहीत. शाफ्टवरच्या क्लचमध्ये तेच तत्त्व आहे: दोन हजारांच्या आसपास फेरे झाले की त्यातले शू बाहेर फेकले जाऊन ड्रमला चिकटतात. कॅलिफोर्नियाच्या साल्सबरी स्कूटरवर 1930 च्या दशकातच पट्ट्याची आपोआप बदलणारी पुली आली, तीही फिरत्या वजनांवरच. आज जड बाइकला लोक क्लचऐवजी हा 'टॉर्क कन्व्हर्टर' बसवतात. माणूस अंगाने भरलेला असेल किंवा रान चढाचं असेल तर माझा कौल यालाच.

जुनी बाइक बघायला जाणाऱ्याने विकणाऱ्याच्या कौतुकाला फार मान डोलवू नये. क्लचच्या ड्रमवर निळी झाक असेल तर तो जळेपर्यंत घासलेला आहे. तेलाची पट्टी काढून उन्हात धरायची. तेलात चंदेरी कण चमकले तर रॉड झिजत चाललाय. मग विचारायचं, गव्हर्नर काढताना फ्लायव्हील बदललं का? नसेल तर भाव इंजिन वगळून, नुसत्या चौकटीचा करायचा.