शिंदी : थंडी सोसणारा आमचा खजूर

नारळ, पोफळी, ताड आणि खजूर हीं एकाच कुळांतील झाडें. त्यांचें नांव काढतांच डोळ्यांपुढें कोंकणचा किनारा किंवा अरबस्तानचें वाळवंट उभें राहतें. उष्ण हवेवांचून हें कूळ जगत नाहीं, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पण ती अर्धीच खरी आहे. किल्लारीच्या आसपास, लातूर-नांदेडच्या पठारावर, पौषांतील कांहीं रात्रीं पारा 10 अंश सेंटिग्रेडच्या खालीं उतरतो. अशा थंडींतहि ओढ्याकांठीं ताठ उभी राहणारी शिंदी ही त्याच कुळांतली, खजुराची रानटी बहीण होय. तिच्या या सोशिकपणाशीं मराठवाड्याच्या इतिहासाचें एक प्रकरण निगडित आहे.

या झाडांना थंडी कां बाधते, तें प्रथम पाहूं. आंब्याची फांदी करपली तर शेजारून नवी फुटते. एकखोडी ताडाला मात्र शेंड्याशीं एकच वाढता कोंब असतो. तो गोठला कीं झाड संपलें. तथापि या कुळांतहि कांहीं जाती विलक्षण काटक निघाल्या. रॉबर्ट फॉर्च्यून या वनस्पतिशोधकानें 1849 सालीं चीनमधील चुसान बेटावरून केसाळ खोडाच्या ताडाचीं रोपें इंग्लंडला धाडलीं. तीं तेथील हिमवर्षावांतहि टिकलीं, आणि आज स्वित्झर्लंडच्या दक्षिण भागांत तर तो ताड रानांत आपोआप उगवतो. आपल्या कुमाऊंच्या डोंगरांतहि त्याचा एक भाऊबंद बर्फ अंगावर घेत वाढतो. थंड मुलखांत ताड लावणाऱ्यांचा अनुभव असा, कीं नुसत्या थंडीपेक्षां थंडींतली ओल अधिक घातक; म्हणून निचऱ्याची जमीन निवडावी आणि पहिलीं कांहीं वर्षें रोपाचा शेंडा गवतानें झांकावा.

शिंदी इतकी हिमसह नसली, तरी हिमालयाच्या पायथ्याच्या टेकड्यांपर्यंत ती पोंचली आहे. शिवाय थंडी हाच तिच्या सुगीचा काळ. शेंड्याखालचीं एका बाजूचीं पानें काढून तेथें खांच पाडावी व खालीं मडकें बांधावें, म्हणजे रात्रभर रस झरतो. थंडी जितकी कोरडी, तितका रस स्वच्छ व गोड. पहाटेची ती नीरा. ऊन चढलें कीं तीच फेंसाळून मादक होते. बंगालमध्यें याच झाडाच्या रसाचा हिंवाळी गूळ प्रसिद्ध आहे. खांच दरवर्षीं उलट बाजूस पाडतात आणि या खोडाची जखम कधीं भरून येत नाहीं. त्यामुळें जुन्या शिंदीचें खोड नागमोडी दिसतें. त्यावरच्या खांचा मोजल्या, कीं किती हिंवाळे रस काढला तें कळतें.

निजामी अमलांत हाच रस अबकारी उत्पन्नाचें मोठें साधन झाला. रस काढून विकण्याचा हक्क गुत्तेदार लिलावांत घेत. गांवांतला पैसा शिंदीखान्यामार्गें खजिन्यांत जाई. म्हणून 1947 सालीं, हैदराबाद संस्थान भारतांत विलीन व्हावें यासाठीं स्टेट काँग्रेसनें लढा पुकारला, तेव्हां शिंदीचीं झाडें तोडणें हा त्यांतील एक कार्यक्रम ठरला. लेव्हीचें धान्य देऊं नये, करोडगिरीचे नाके मोडावेत आणि शिंदी आडवी करावी! लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे पूर्वी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेंत शिक्षक होते. ज्यांच्या हातीं बंदूक नव्हती, त्यांच्या हातीं कुऱ्हाड होती. सप्टेंबर 1948 मध्यें संस्थान भारतांत सामील झालें.

त्या कुऱ्हाडीला दोष देण्याचें कारण नाहीं. अन्यायी सत्तेचें उत्पन्न तोडणें हें रास्तच होतें. परंतु सरकारचा अपराध झाडाच्या माथीं कायमचा मारणें हा न्याय नव्हे. वर्ध्यास 1934 सालीं निघालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघानें अशाच झाडांच्या नीरेपासून गूळ करण्याचा प्रसार केला होता. मद्य टाळून झाड राखण्याची ती वाट आम्हांपुढें तेव्हांहि होती. लढा संपल्यावर तोडलेल्या जागीं पुन्हां बीं लावण्याचा कार्यक्रम मात्र तितक्या आवेशानें कोणीं पुकारला नाहीं.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं आपण जी नवी केरसुणी पूजतों, ती शिंदीच्या पानांची. ती वळणाऱ्या कुटुंबांना पानें हवीं असतात. आणि ओढ्याच्या कांठाला धरून ठेवणारीं मुळें हवीं असतात. सरकारी दप्तरांत या झाडाची नोंद महसूल म्हणून झाली, लढ्याच्या आठवणींत तोडलेलें झाड म्हणून. तिसरी नोंद अजून व्हावयाची आहे, लावलेलें झाड म्हणून. नारळाचे लाड आमच्या पठारावर परवडत नाहींत. शिंदीला मात्र ना तेवढें पाणी लागतें, ना थंडीपासून आडोसा. पावसाळ्याच्या आरंभीं ओढ्याकांठीं चार बिया पुरण्याइतकी सवड ज्याला आहे, त्यानें ही नोंद करावी.