पाणी कोणीकडे वाहते, हे आधी विचारा

चवदार तळे म्हटले की आपल्याला 20 मार्च 1927 आठवतो. पण त्या तळ्यात पाणी येत होते कुठून? हे तळे पावसाने आणि नैसर्गिक झऱ्यांनी भरते, असे खुद्द बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे. म्हणजे काही पाणी जमिनीखालून येत होते. ते कोणाकोणाच्या जमिनीखालून आले, याची सनातन्यांना फिकीर नव्हती. तळ्यात आल्यावर आमच्या ओंजळीने मात्र ते बाटत होते!

जातिव्यवस्थेला प्रवाह कळत नव्हता असे नाही. नदीवर वरच्या अंगाला सवर्णांचा पाणवठा आणि खालच्या अंगाला अस्पृश्यांचा. घाण कोणाच्या वाट्याला जाणार, हे गावाने प्रवाहाची दिशा बघूनच ठरवले होते.

जमिनीखालच्या पाण्याबाबत इंग्रजांच्या कायद्याने उलटे केले. दिशाच नाकारली. 1843 साली इंग्लंडमध्ये 'ॲक्टन विरुद्ध ब्लंडेल' खटला झाला. कोळसा खाणीमुळे शेजाऱ्याची विहीर आटली, तरी खाणवाले जबाबदार ठरले नाहीत. भूमिगत पाणी कुठून येते आणि कुठे जाते हे दिसत नाही, म्हणून त्यावर शेजाऱ्याचा हक्क सांगता येत नाही, असा त्यामागचा विचार. तोच विचार 1882 च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात आला आणि 1891 साली मुंबई इलाख्याला लागू झाला. ठरावीक पात्रातून न वाहणारे जमिनीखालचे पाणी जमीनमालकाने हवे तसे घ्यावे! मग ज्याला जमीनच नाही, त्याचे काय? जातीने आम्हाला जमीन नाकारली आणि कायद्याने त्या जमिनीखालचे पाणीही मालकाला देऊन टाकले.

1937 साली मुंबई उच्च न्यायालयाने चवदार तळ्याचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने दिला. तळे जिंकले, पण जमिनीखालचे पाणी मालकाकडेच राहिले.

1993 साली महाराष्ट्राने पिण्याच्या पाण्यासाठी भूजल कायदा केला. सार्वजनिक पाणीस्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर खणायची नाही. पुढे 2009 चा भूजल कायदा आला. पाणलोट क्षेत्राची भाषा कायद्यात आली, ही जमेची बाजू आहेच. पण 500 मीटर म्हणजे नकाशावरचे वर्तुळ. पाणी वर्तुळ ओळखत नाही, ते उंच पातळीकडून खालच्या पातळीकडे जाते. आपल्या बेसॉल्ट खडकात तर ते भेगांतून आणि झिजलेल्या थरांतून वाट काढते. ही वाट वरच्या उताराप्रमाणेच असेल असे नाही.

राजस्थानातल्या बिछडीने हे भोगले आहे. एच-ॲसिड बनवणाऱ्या कारखान्यांचा सुमारे 2,440 टन विषारी गाळ उघड्यावर पडला होता. पावसाने विष जमिनीत झिरपले आणि आसपासच्या विहिरींचे पाणी नासले. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यावी असे ठरवले. पण तोवर विहिरी गेल्या होत्या.

आता डम्पिंग ग्राउंडकडे पाहू. 2016 च्या घनकचरा नियमांनुसार भरावभूमीच्या हद्दीपासून 50 मीटरच्या आतील भूजल वेगवेगळ्या ऋतूंत तपासायचे होते. पण नमुना कोणत्या बाजूचा? कचऱ्याच्या वरच्या अंगाची विहीर तपासली तर अहवाल स्वच्छच येणार. विष खालच्या अंगाला जाणार. आणि डम्पिंग ग्राउंडच्या कडेला कोणाच्या वस्त्या असतात, हे वेगळे सांगायला हवे का?

म्हणून तरुण मित्रांनो, जनसुनावणीला जाल तेव्हा 'पाणी खराब झाले' एवढ्यावर थांबू नका. भूजलाच्या दिशेचा नकाशा मागा. त्रिकोणात असलेल्या किमान तीन विहिरींची पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून मोजली, की प्रवाहाचा ढोबळ अंदाज येतो. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर, दोन्ही वेळा मोजायला लावा. नमुना घेतलेली विहीर त्या नकाशावर दाखवायला सांगा. वरच्या अंगाचा एक नमुना आणि वस्तीकडच्या अंगाचे अनेक, असा आग्रह धरा. वस्तीकडचे नमुनेच नसतील, तर तो अहवाल आम्ही मान्य करणार नाही, असे ठणकावून सांगा.

महाडला आपण पाण्यापर्यंत पोहोचण्याचा हक्क मिळवला. आता आपल्यापर्यंत काय पोहोचते, हे विचारण्याचा हक्क मिळवायचा आहे. वरच्या अंगाला कोण आणि खालच्या अंगाला कोण, हा प्रश्न जुनाच आहे. फक्त तो आता जमिनीखाली गेला आहे.

जय भीम!