पिवळी तार, लाल तार : आपल्या जिल्ह्यातल्या स्वस्त टेपची गोष्ट



वाशीमचा इतिहास म्हटला की आपण वत्सगुल्मापासून सुरुवात करतो. वाकाटकांची राजधानी, पद्मतीर्थ, बालाजीचं मंदिर. आज आम्ही तितकं मागं जाणार नाही. चाळीस-पन्नास वर्षंच मागं जाऊ. विषय आहे गाडीतला स्वस्त टेप. कंपनीनं गाडीसोबत दिलेला नाही, तर मागून बाजारातून आणून मिस्त्रीकडून बसवून घेतलेला. त्यात आता फीतही नाही आणि सीडीही नाही, पण आपल्याकडे त्याला अजून 'टेप'च म्हणतात.

हसू नका. या डब्यामुळे आपल्या रस्त्यांवर कोणाची गाणी ऐकू येणार हे बदललं, आणि तो डबा चालू ठेवता ठेवता इथे एक अख्खी विद्या तयार झाली. ती कुठंच लिहिलेली नाही. म्हणून आज हा विषय.

थोडं जगाकडे पाहून घेऊ. अमेरिकेत १९३० साली गॅल्विन बंधूंनी मोटारीत बसणारा रेडिओ बाजारात आणला आणि त्याला मोटोरोला असं नाव दिलं. पुढं तेच कंपनीचं नाव झालं. म्हणजे गाडीत मागून वाद्य बसवण्याची हौस नव्वद वर्षांहून जुनी आहे. पण आपल्याकडे तेव्हा गाड्याच किती? आणि रेडिओ असला तरी काय लागणार, ते आकाशवाणी ठरवी. १९५२ च्या सुमारास आकाशवाणीनं सिनेसंगीत जवळपास बंदच केलं, तेव्हा लोक रेडिओ सिलोनकडे वळले. १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली तेव्हा कुठं ती गाणी परत आली. ऐकणाऱ्याच्या हातात एकच बटण होतं, चालू किंवा बंद.

हे बदललं कॅसेटनं. फिलिप्सनं १९६३ मध्ये कॅसेट काढली. भारतात ती घरोघरी पोचली १९८० च्या दशकात. तोवर रेकॉर्डचा बाजार बव्हंशी एचएमव्हीच्या हातात होता. टी-सिरीजसारख्या नव्या कंपन्यांनी कॅसेट स्वस्त केली. पीटर मॅन्युएल या अभ्यासकानं १९९३ मध्ये 'कॅसेट कल्चर' या पुस्तकात हे सविस्तर मांडलंय. कॅसेट काढायला खर्च कमी लागतो, म्हणून छोट्या भाषांची, छोट्या समाजांची गाणीही बाजारात येऊ शकली.

आता हे आपल्या जिल्ह्यात आणून बघा. तेव्हा वाशीम हा जिल्हा नव्हताच, अकोल्याचा भाग होता. आपला जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. एसटी सगळीकडे जायची, पण दिवसातून मोजक्या वेळा. मधली जागा भरली जीपनं, पुढं काळी-पिवळीनं. वाशीम-रिसोड, मंगरूळपीर-कारंजा, मानोरा-पोहरादेवी-दिग्रस. नऊ जणांच्या जागेत पंधरा माणसं, वर पोती, आणि समोर टेप. त्यात भीमगीतं वाजली, वामनदादा कर्डकांची गाणी वाजली, प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलगीतं वाजली. रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेच्या गाड्यांमध्ये गोरमाटी बोलीतली गाणी लागत. रेडिओवर अशा गाण्यांना वेळ मिळे तो ठरावीक. जीपमध्ये मात्र ड्रायव्हरचा समाज, सीटवरच्या माणसांचा मूड आणि सणाचा दिवस, यावर गाणं ठरे. एखाद्यानं म्हटलं, "भाऊ, ते दुसरी लाव नं," तर ड्रायव्हर कॅसेट उलटी करे. कारण स्वस्त टेप आपोआप बाजू बदलत नसे.

आणि हे टेप स्वस्तच होते. दिल्लीचा लजपतराय मार्केट, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, तिथून अकोला, तिथून आपल्याकडे. नाव कधी असे, कधी नसे, कधी मोठ्या कंपनीच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडं केलेलं असे. मेमध्ये इथं पारा ४२-४३ च्या वर जातो. डॅशबोर्डवर राहिलेली कॅसेट वाकडी व्हायची. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची फीत पातळ, ती आत गुंतायची. मग पेन्सिलीनं गुंडाळा, हेड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा. ज्यांच्याकडं गाडी होती त्यांना हे सांगायला नको.

पुढं सीडी आली, पण खडबडीत रस्त्यावर ती उडायची, म्हणून आपल्याकडे ती फार रुजली नाही. खरा बदल झाला यूएसबी आणि मेमरी कार्डाच्या टेपनं. मोबाइलच्या दुकानात दहा-वीस रुपयांत कार्ड भरून मिळू लागलं. आता मौज बघा. यातले बरेच स्वस्त टेप गाणी अक्षरांच्या क्रमानं वाजवत नाहीत, कार्डात ज्या क्रमानं भरली त्या क्रमानं वाजवतात. म्हणजे दुकानातल्या पोरानं जे गाणं पहिलं टाकलं ते गाडीचं पहिलं गाणं.

इथं आमच्या घरची गोष्ट सांगतो. आमच्याकडं एक जुनी जीप होती. तिच्यात आम्ही एक बिननावाचा टेप बसवून घेतला. दिसायला झकपक, निळे दिवे. पण चावी बंद केली की सगळं विसरून जायचा. घड्याळ परत बारावर, रेडिओची स्टेशनं गायब, आणि गाणं पुन्हा पहिलं. दोन वर्षं आम्ही रिसोडला जाताना तेच पहिलं गाणं ऐकलं. मध्ये डिझेलला थांबलो की पुन्हा तेच. आमची आई म्हणायची, "हे काहून पुढं जाऊन नाही रायलं बाप्पा?" आम्ही सगळा दोष टेपला दिला. स्वस्त माल, दुसरं काय.

मग एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं टेप उपसून बाहेर काढला आणि दोन मिनिटांत सांगितलं, टेप चांगला आहे, जोडणी चुकली. या टेपला मागं तारांचा झुपका असतो, आणि त्याचे रंग बहुतेक टेपांत सारखेच. पिवळी तार थेट बॅटरीला. ती आठवण जपते. लाल तार चावीतून; ती टेप चालू-बंद करते. काळी बॉडीला. पांढरी-करडी पुढच्या स्पीकरला, हिरवी-जांभळी मागच्या. आमच्या टेपच्या पिवळी आणि लाल, दोन्ही चावीवर जोडल्या होत्या. चावी गेली की आठवण गेली. दोन्ही थेट बॅटरीला जोडल्या असत्या तर उलटं झालं असतं, आठवण राहिली असती आणि एखाद्या सकाळी बॅटरी उतरली असती.

त्याच मिस्त्रीनं आणखी दोन गोष्टी शिकवल्या. इंजिनचा वेग वाढला की स्पीकरमध्ये 'कुंईऽऽ' आवाज चढतो ना, तो बऱ्याचदा काळ्या तारेचा दोष. जिथं ती बॉडीला लागते तिथला रंग खरवडून घट्ट बोल्ट मारायचा. दुसरं, खोक्यावर लिहिलेले वॅट. 'चार गुणिले पन्नास' वगैरे. गणित सोपं आहे: इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट मिळतात, स्पीकर चार ओहमचा. वेगळा ॲम्प्लिफायर नसेल तर स्वच्छ आवाज एका स्पीकरमागं फार तर २६ वॅट, आणि प्रत्यक्षात त्याहून कमी. म्हणून आवाज फार चढवला की तो फाटतो आणि शेवटी स्पीकर जळतो. मिस्त्रीला ओहमचा नियम पाठ नव्हता. तो एवढंच म्हणाला, "आकडा खोक्याचा, आवाज बॅटरीचा."

मंडळी, आमच्या मते इतिहास इथं आहे. वस्तू परदेशात बनली, सोबत मराठीतलं माहितीपत्रक नाही, बिल नाही, गॅरंटी नाही. ती आपल्या उन्हात, आपल्या धुळीत, दुसऱ्याच गाडीत चालवायची. हे काम कारंज्याच्या, मालेगावच्या, मानोऱ्याच्या टपऱ्यांमधल्या लोकांनी केलं. कोणी आयटीआय केलेला, कोणी सातवी नापास.

आता हा काळ संपत आलाय. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला. तो आपल्या कारंजा, मालेगाव तालुक्यांतून जातो. त्यावरून धावणाऱ्या बऱ्याच नव्या गाड्यांत पडदा कंपनीचाच येतो. जुन्या गाडीत टेपसाठी १८० बाय ५० मिलिमीटरचा सर्वमान्य खण असे, म्हणून कुठलाही टेप कुठल्याही गाडीत बसे. तो खण आता नाही, आणि तारा गाडीच्या कॉम्प्युटरला जोडलेल्या. हात लावला की गॅरंटी जाते. मिस्त्रींची पोरं आता सीट कव्हर आणि कॅमेरे बसवतात. यात वाईट काही नाही. आवाज चांगला येतो, बॅटरी उतरत नाही.

पण एक विनंती आहे. विंध्यशक्तीचा ताम्रपट वाशीमला सापडला, म्हणून आपल्याला वत्सगुल्माच्या वाकाटकांबद्दल एवढं सांगता येतं. कोणीतरी तो वितळवला नाही, एवढंच त्याचं नशीब. तुमच्या माळ्यावर कॅसेटचा डबा असेल, ड्रॉवरमध्ये जुनं मेमरी कार्ड असेल. त्यात गावच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग असेल, तांड्यावरच्या होळीची लेंगी असेल, जयंतीच्या रात्रीचा जलसा असेल. अशातलं पुष्कळ दुसरीकडं कुठंच नाही. फीत दरवर्षी थोडी थोडी खराब होते. भंगारात देण्याआधी एकदा वाजवून बघा, मोबाइलवर उतरवून घ्या, आणि कोणाचा आवाज आहे ते कागदावर लिहून ठेवा.

आणि गावात जुना मिस्त्री असेल तर एक दिवस त्याच्यापाशी बसा. पिवळी तार कुठं जोडायची ते त्याला विचारा.