लग्नात हवी, घरात नको

आज आम्ही तुम्हांला मोरोक्को देशातली गोष्ट सांगणार आहोत. आफ्रिकेच्या वायव्य टोकाला, समुद्राकाठी हा देश आहे. तिथल्या खेड्यांत 'आइता' नावाचं गाणं आहे. आइता म्हणजे हाक. ही हाक देणाऱ्या, गाणाऱ्या-नाचणाऱ्या बाईला 'शीखा' म्हणतात. शब्द मानाचा आहे, शीखा म्हणजे जाणती. पण मान शब्दातच राहिला. लग्नात शीखा हवी, तिच्याशिवाय रंग चढत नाही. आपल्या घरातली लेक मात्र शीखा व्हायला नको!

या बायकांचं गाणं नुसती करमणूक नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी साफी शहराजवळच्या अब्दा भागात खरबूशा नावाची शीखा होऊन गेली. तिथला सत्ताधीश ईसा बेन उमर लोकांवर जुलूम करी. तिच्या जमातीनं बंड केलं आणि खरबूशानं भर लोकांत त्याच्याविरुद्ध गाणी म्हटली. त्यानं तिला कैदेत टाकून मारलं, असं लोक सांगतात. तिची गाणी मात्र मेली नाहीत. आजही ती गायली जातात.

या परंपरेकडे एक नर्तकी नव्या नजरेनं वळली. तिचं नाव बुश्रा विझगेन. तिचा जन्म 1980 सालचा, वर्झाझात गावचा. सोळाव्या वर्षापासून ती नाचू लागली, बरंचसं आपलं आपणच शिकली. पुढं फ्रान्समधल्या नृत्यकारांबरोबरही तिनं काम केलं. तिथलंच नृत्य उचलून ती नाव कमावू शकली असती. पण ती आपल्या देशातल्या शीखांकडे गेली.

त्या बायका लग्नांत आणि रात्रीच्या नाचगाण्याच्या ठिकाणी गाऊन पोट भरत होत्या. वयानं मोठ्या, अंगानं भरलेल्या. त्यांच्यातल्या तिघींना घेऊन बुश्रानं 2009 मध्ये 'मादाम प्लाझा' हे नृत्य बसवलं आणि स्वतःही त्यांच्यात नाचली. रंगमंचावर गाद्या मांडलेल्या. बायका निवांत लोळतात, कूस बदलतात, मग हळूहळू त्यांच्या घशातून हाक उठते. कुणाला रिझवायची घाई नाही. लग्नात पाहुण्यांसाठी नाचणारं अंग इथं बाईचं स्वतःचं होतं. हे नृत्य परदेशातल्या मोठ्या रंगमंचांवर गाजलं.

2010 मध्ये बुश्रानं मराकेश शहरात आपला संच उभा केला. 2014 मध्ये तिनं 'कावळे' हे नृत्य बसवलं. काळे कपडे, डोक्याला पांढरे रुमाल, अशा बायका उघड्यावर उभ्या राहतात, मान मागंपुढं झोकत एका सुरात ओरडतात. खरबूशाची हाक जणू पुन्हा चौकात आली.

आम्हांला यात मोठी गोष्ट दिसते ती ही: बुश्रा त्या बायकांना सुधारायला गेली नाही. तुमचं वय लपवा, अंग कमी करा, असं तिनं म्हटलं नाही. तुम्हांला येतं तीच कला, असं मानून ती त्यांच्या शेजारी उभी राहिली.

गटाच्या पुढच्या बैठकीत यावर जरूर बोला. ज्या बाईच्या कलेवर आपण टाळ्या वाजवतो, तिला आपण आपल्या ओळीत बसायला जागा देतो का?